थट्टीच्या कुरणावर माशीची स्वारी आली त्याची हकीकत

ज्याने बैलास शेपूट दिले, माशीस पंख दिले आणि माणसास या दोहोंचा विचार करण्यापुरते डोके दिले, त्या कर्त्यास आधी नमस्कार, आणि मग हकीकत. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सर, आषाढमास, ते समयी एका राज्यावर परचक्र आले. राज्याचे नाव येथे लिहिले नाही, कारण राज्य अद्याप नांदते आहे आणि तेथील माणसे मानी आहेत. परचक्र म्हणजे मोगल नव्हे, पठाण नव्हे, टोपीकरही नव्हे. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी काळी डसणारी माशी. तिजपाशी नौबत नाही, निशाण नाही, ती वकील पाठवीत नाही आणि चौथाई देऊ केली तरी मागे फिरत नाही. ऊन तापले की यावे, बैलाच्या वशिंडावर आणि पाठीवर बसावे, सोंड रोवावी, रक्त प्यावे, उठावे आणि पुन्हा तेथेच बसावे, एवढीच तिची राजनीती.

या राज्यात अठरा कारखाने होते आणि त्यांतील थट्टी म्हणजे सरकारी गुरांचा कारखाना. थट्टीचे बैल नांगरास जुंपीत नसत, ते तोफा ओढीत, म्हणोन त्यांचा डौल मोठा आणि त्यांचे कुरणही मोठे, ओढ्यापासून टेकडीपर्यंत एकसलग. थट्टीची दरोगगिरी, म्हणजे सारा कारभार, म्हाळसाबाईंकडे होती. त्यांचे यजमान सुभानराव निवर्तले आणि पदरी मूल नव्हते, तेव्हा महाराजांनी कृपावंत होऊन दरोगगिरी बाईंकडेच चालविली. बाईंचे बोलणे थोडे आणि पाहणे फार. एकदा पाहिलेले त्या खरे मानीत नसत, दुसऱ्यांदा जाऊन पाहात, आणि दोन्ही वेळा सारखे दिसले म्हणजे मग मान हलवीत. त्या साली महाराजांची आज्ञा जाहली की भुईकंप नावाची थोरली तोफ दसऱ्यास गडावर चढावी, उत्तरेचा बुरूज रिकामा आहे, शेजारी राजा तिकडेच पाहतो. तोफ चढविणे थट्टीच्या बैलांकडे. चढली तर थट्टीचा लौकिक. न चढली तर काय, हे आज्ञेत लिहिले नव्हते, आणि न लिहिलेलेच बाईंच्या मनास लागोन राहिले.

आषाढ सरता सरता खिल्लाऱ्यांचा, म्हणजे थट्टीच्या गुराख्यांचा, नाईक धुळोबा बाईंपाशी आला आणि जोहार करोन उभा राहिला, परंतु स्थिर उभे राहवेना, एक पाय दुसऱ्या पायावर घासू लागला. बाई म्हणाल्या, "धुळोबा, काय जाहले?" तो म्हणाला, "बाई, जनावर चरंना झालंय. एक घास घेतंय, मान झाडतंय, पाय आपटतंय, आन् पळत जाऊन दुसऱ्याच्या कुशीत डोकं घालतंय. सगळं खिल्लार एकाजागी गोळा हून हुबं ऱ्हातंय, दिसभर. गवात गुडघ्याला लागलंय आन् बैलांच्या बरगड्या मोजून घ्या." बाई म्हणाल्या, "मी येते." आणि गेल्या, आणि पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पाहिले. बैल तैसेच एकमेकांस खेटून उभे, मध्ये जाण्यासाठी एकमेकांस रेटीत, आणि जो कडेस सापडे तो उडी मारोन पुन्हा मध्ये घुसे. पाठी माशीने काळ्या जाहल्या होत्या. बाई तेथे उभ्या असता त्यांसही स्वस्थ राहवेना. डोकीवरचा पदर सारखा करीत, मनगट झाडीत, या बैलापासून त्या बैलापर्यंत फिरत राहिल्या. त्या दिवसापासून म्हाळसाबाई बसल्या ऐशा कोणी पाहिल्या नाहीत. जेवताना देखील एक गुडघा उभा ठेवून जेवीत, म्हणजे उठावयास बरे.

आता येथे चवरीची गोष्ट सांगितली पाहिजे, त्यावाचून पुढील उमगणार नाही. इतर राज्यांत महाराजांवर ढाळावयाची चवरी हिमाचलाकडील वनगाईच्या केसांची असते. या राज्यास तो माल कधी मिळे, कधी वाटेतच लुटला जाई. तेव्हा काही वर्षांमागे सुभानरावांनी थट्टीतील राजा नावाच्या पांढऱ्या बैलाच्या शेपटीचा गोंडा उतरविला, धुतला, विंचरला, चंदनी मुठीस बांधिला आणि अक्षयतृतीयेस दरबारी नजर म्हणोन गुजराणला. महाराज बहुत संतोष पावले आणि म्हणाले, "आमचे राज्याचा बैल, आमचे राज्याची चवरी, हिमाचलाची गरज सरली." सुभानरावांस दरोगगिरी त्याच दिवशी मिळाली. पुढे दोन वर्षांनी ती पहिली चवरी महाराजांनी मान म्हणोन त्यांचे घरी परत पाठविली, ती बाईंच्या ओसरीवर खुंटीस टांगलेली असे आणि येणारा जाणारा तिला नमस्कार करी. तेव्हापासून प्रघात पडला. अक्षयतृतीयेस एका बैलाचा गोंडा सरकारात जावा. मग धाकट्या राणीसाहेबांसही चवरी पाहिजे जाहली, मग युवराजांस, मग सेनापतींस, मग ज्याचे त्याचे वजनाप्रमाणे प्रत्येक मानकऱ्यास. चवरीखाना म्हणोन नवा कारखाना निघाला आणि त्याजवर हैबतराव चवरीबरदार यांची नेमणूक जाहली. हे गृहस्थ उंच, मिशा वळवणारे, आणि चवरी हे राज्याचे नाक आहे ऐसे समजणारे.

आणि दुर्मुख संवत्सरी माशी दरबारातही आली. सदरेच्या मागेच थट्टीचा शेणाचा उकिरडा होता, त्याजमुळे तिला लांबचा पल्ला पडला नाही. मग दरबारात कोणास धड बसवेना. फडणीस लिहिता लिहिता पोटरीवर चापट मारीत आणि शाई सांडीत. वकील बोलता बोलता नाक झाडीत, आणि परराज्याचा वकील त्याचा अर्थ काही निराळाच घेई. पुराणिक कथा सांगता सांगता भर युद्धप्रसंगी "हट्" म्हणत, आणि श्रोत्यांस कळेना की हे कोणास म्हटले. महाराजांची स्वारीही गादीवर सारखी चळवळ करी. तेव्हा हैबतरावांनी अर्ज केला की चवऱ्या वाढवाव्या, आणि आज्ञा जाहली, आणि थट्टीत संतू न्हावी कातर घेऊन आला. श्रावण लागायच्या आत एकूणएक बैलाचा गोंडा उतरला. एक कोतवाल नावाचा बैल तेवढा राहिला. त्याने संतूस ऐसी लाथ दिली की तो गव्हाणीत जाऊन पडला. तो उठोन कपडे झाडीत म्हणाला, "सरकारनं माझं डोकं उडवलं तरी चालंल, मी ह्याच्या मागं पुन्हा जायाचा न्हाई. डोकं एकदाच जातंय, ह्यो रोज मारील." धुळोबा म्हणाला, "आरं, कोतवालाची दाढी करायला आला हुतास का शेपूट?" आणि सारे हसले, आणि कोतवालाची शेपटी तशीच राहिली.

म्हाळसाबाई दरबारी गेल्या आणि हात जोडोन उभ्या राहिल्या आणि अर्ज केला की माशीने बैल खंगले, अंगावर मांस धरीत नाहीत, याच रीतीने चालले तर तोफ घाट चढणार नाही. शेपटीचा शब्द त्यांनी काढिला नाही. मनात नव्हता ऐसे नाही. परंतु मनात होता तो अजून एकदाच पाहिलेला होता. महाराजांनी हैबतरावांकडे पाहिले. हैबतराव मिशीवरची माशी उडवून पुढे जाहले आणि बोलिले, "महाराज, उपाय सोपा आहे. आमच्या अंगावर माशी बसते तेव्हा आम्ही काय करितो? चवरी ढाळवितो. बैलाने काय पाप केले? प्रत्येक बैलामागे एक माणूस नेमावा आणि त्याच्या हाती चवरी द्यावी. जगात ऐसे राज्य नसेल जेथे बैलावर चवरी ढळते." सभा धन्य धन्य म्हणाली. बाई हळूच म्हणाल्या, "रावसाहेब, एवढ्या चवऱ्या कोठोन आणाव्या?" हैबतराव हसून म्हणाले, "बाईसाहेब, आपल्या थट्टीत वासरे नाहीत काय?" बाईंनी पायाखालची सतरंजी नीट केली, ती आधीच नीट होती, आणि निघाल्या.

मग वासरांचे गोंडे उतरले, आणि चवऱ्या बांधिल्या, आणि बैलामागे माणूस ऐसी नेमणूक जाहली. कोणी बारगीर, कोणी पाणके, कोणी नुसतेच मानकऱ्यांचे भाचे. पहिल्या दिवशी ते कुरणात आले ते मिरवत आले. बैलाच्या शेपटीची चवरी बैलावरच ढळू लागली. परंतु बैल चालतो, आणि माणूस त्याच्या मागे चालतो, आणि बैल वळतो, आणि माणूस वळेपर्यंत माशी पुन्हा पाठीवर. चवरी दिसली की नवे बैल बुजत आणि जुने बैल लाथा झाडीत. एक फडणिसांचा भाचा होता, तो आपल्या बैलास म्हणे, "अरे शहाण्या, उभा राहा, तुझी सेवा करितो आहे," आणि बैल त्याजकडे वळून पाही आणि चालू लागे. दोन प्रहरी ऊन चढले की मंडळी बाभळीखाली बसत आणि चवरी स्वतःवर ढाळीत. जे पांढरे बगळे बैलांच्या पायांत हिंडोन किडे वेचीत असत ते एवढी गर्दी पाहोन उठले आणि ओढ्यापलीकडे गेले. धुळोबा म्हणाला, "बाई, आदी बैलांस्नी माश्या तरास देत हुत्या. आता माश्या आन् मानसं. माश्या बऱ्या, त्या बोलत तरी न्हाईत."

बाईंनी दरबाराचा नाद सोडिला आणि जे आपल्या हाती होते ते करू लागल्या. आधी माशी येते कोठोन, हे पाहिले. बैलाने शेण टाकले की वाफ निघत असतानाच माशी पाठीवरून उतरते, शेणावर क्षणभर बसते आणि पुन्हा पाठीवर जाते, हे त्यांच्या ध्यानी आले. तेवढा वेळ भूक सोडोन ती खाली का येते? मग त्यांनी माशी बसून उठलेल्या ताज्या शेणाच्या एका पोवावर बारीक विणीची टोपली पालथी घातली, आणि आदल्या दिवशी पातळ पसरून वाळविलेल्या शेणावर दुसरी. पुढे काही दिवसांनी टोपल्यांस कान लावले. वाळक्यावरची टोपली मुकी होती. ताज्यावरची आतून गुणगुणत होती. बाईंनी टोपली जराशी उचलली आणि कोवळ्या माश्यांचा झोत बाहेर आला आणि बाईंच्या तोंडावरून गेला. बाई मागे सरल्या नाहीत. दुसऱ्यांदा टोपल्या घातल्या, दुसऱ्यांदा तसेच जाहले, आणि बाईंनी मान हलवली.

मग त्यांनी हुकूम सोडिला की रोज सकाळी उघडीप पाहोन खिल्लाऱ्यांनी कुरणातील ताजे शेण दाताळ्याने पातळ पसरावे, म्हणजे ऊन लागोन वाळेल आणि माशीची अंडी आतच सुकतील. शेणातील काळे किडे, जे शेणाच्या गोळ्या करोन जमिनीत नेतात, त्यांस कोणी चिरडू नये. ते माशीच्या पोरांचे घर काढून नेतात, ते आपल्याकडील माणूस समजावे. खिल्लार एका जागी फार दिवस ठेवू नये, पुढच्या कुरणात हाकावे. आणि ओढ्यावर पाण्यास जाण्याची जी एकच अरुंद वाट, तिच्या दोन खांबांमध्ये अंबाडीची पोती करंजाच्या तेलात भिजवून आडवी टांगावी, ऐसी की पाण्यास जाणाऱ्या प्रत्येक बैलाची पाठ आणि मान त्यांस घासेल. बैलास तेल लावायला माणूस लागणार नाही, बैल आपणच लावून घेईल. धुळोबा म्हणाला, "बाई, हे झ्याक. न्हाई तर ह्या भाच्यांस्नी तेल लावायला सांगितलं असतं तर त्यांनी आपल्याच टाळूला चोळलं असतं."

आणि माशी कमी जाहली. पाठी पूर्वी काळ्या दिसत त्या आता करड्या दिसू लागल्या. बाईंच्या अंदाजे निम्मी गेली. तरीही बैल चरेनात, आणि बाईंस चैन पडेना. सकाळी कुरणात, दोन प्रहरी ओढ्यावर, दिवस मावळता पुन्हा कुरणात. येता जाता बांगड्या मागेपुढे करीत, पदराचे टोक बोटास गुंडाळीत आणि सोडीत. एके दिवशी सारे खिल्लार गोळा होऊन उभे होते, पाय आपटीत, मान झाडीत, आणि त्यापासून दूर, उघड्या गवतात, एकटा कोतवाल खाली मान घालून चरत होता. शेपूट इकडून तिकडे, तिकडून इकडे, निवांत, घरच्या झोपाळ्यासारखे. बाई त्याच्या जवळ गेल्या. त्याच्या पाठीवरही माशी होती, नव्हती ऐसे नाही. बसे आणि उठे, बसे आणि उठे, आणि तिला सोंड रोवण्यास सवड मिळेना. बाई तेथे उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी आल्या, तेव्हाही तो तसाच चरत होता. निम्मी माशी शेपूट असलेल्या बैलास सोसते, शेपूट नसलेल्यास सोसत नाही, इतकी ही सरळ गोष्ट होती. चवरी वाढविली म्हणोन शेपट्या गेल्या, आणि शेपट्या गेल्या म्हणोन माशी मातली, आणि माशी मातली म्हणोन पुन्हा चवरी पाहिजे जाहली. आणि या सगळ्याचे आरंभी सुभानरावांची कातर होती.

हे कळले आणि बाई घरी आल्या, आणि ओसरीवर ती पहिली चवरी खुंटीस होती. बाईंनी तिजकडे पाहिले आणि पाठ फिरविली, आणि पुन्हा पाहिले. हे दरबारात बोलावे तर राज्याच्या नाकासच चूक म्हटल्यासारखे होते, आणि यजमानांची कीर्ती तीच चूक होती, आणि आपली दरोगगिरी त्या चुकीचे इनाम होते. न बोलावे तर बैल मरतात. बाई ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरू लागल्या. घरातील धाकट्या जाऊबाई आतून म्हणाल्या, "अहो जाऊबाई, जमीन झिजेल. जरा टेका." बाई म्हणाल्या, "टेकते," आणि फिरतच राहिल्या.

इतक्यात पोळा जवळ आला, आणि हैबतरावांनी दरबारी दुसरा अर्ज घातला. ते म्हणाले, "महाराज, बैलांवर चवरी ढाळली, त्यापरती थोर सेवा ती कोणती, तरी ते पुष्ट होत नाहीत. तेव्हा दोष माशीचा नव्हे, बैलांचाच. खिल्लार नादान जाहले. नदीपलीकडे टोपीकरांची छावणी पडली आहे, ते गुरे घेतात, अंगावर मांस किती हे पुसत नाहीत. पोळ्याचा मान उरकावा, दुसऱ्या दिवशी खिल्लार छावणीत हाकावे, आणि तोफ हत्तीने चढवावी." टोपीकरांच्या छावणीत गुरे कशास घेतात हे सभेत सर्वांस ठाऊक होते, म्हणोन कोणी एकमेकांकडे पाहिले नाही. महाराज मानेवर चापट मारोन म्हणाले, "पोळ्यास आम्ही स्वतः कुरणात येऊ आणि डोळ्यांनी पाहू, आणि तेथेच हुकूम देऊ." हे वर्तमान बाईंस कळले. बाईंनी धुळोबास सांगितले, "पाखऱ्यास पोळ्याचे पहाटे ओढ्यात धुऊन आण." पाखऱ्या हा त्याच राजा नावाच्या बैलाचा पुत्र, पांढरा, उंच, आणि माशीने इतका पोखरलेला की खांद्याचे हाड वर आले होते.

पोळ्याचे दिवशी उजाडता म्हाळसाबाईंनी खुंटीवरची चवरी उतरविली. चंदनी मूठ सोडविली आणि देवघरात ठेविली. केसांचा झुपका घेतला आणि कुरणात गेल्या आणि पाखऱ्याच्या तोडक्या शेपटीस तो आपल्या हाताने बांधिला, मेण लावलेल्या सुताने, वीण घालून, सुटणार नाही आणि रुतणारही नाही ऐसा. धुळोबा म्हणाला, "बाई, ही तर मालकांची..." बाई म्हणाल्या, "नाही. ही याच्या बापाची आहे." पाखऱ्याने शेपूट एकदा हलविले. मग जोराने हलविले, आणि झुपका पाठीवर पडला आणि माशी उठली. त्याने मागे वळून पाहिले, मग मान खाली घातली आणि चरू लागला. धुळोबाने डोकीचे मुंडासे काढून पुन्हा बांधिले.

दोन प्रहरी महाराजांची स्वारी आली. बैलांस झुली घातल्या होत्या, शिंगे रंगविली होती, कोतवाल लाथा मारील म्हणोन थट्टीतच बांधिला होता, आणि पाखऱ्यावाचून गोंडा कोणासच नव्हता. मागे चवरीवाले रांगेने उभे, पुढे हैबतराव. महाराज पालखीतून उतरले आणि गवतात उभे राहिले आणि उभे राहताच माशी आली. गालावर, कानावर, जरीच्या अंगरख्यावर. दोघे चवरी ढाळीत होते, परंतु उघड्या कुरणात वारा होता आणि ते घाबरले होते, त्यांचे हात चुकत. महाराज पाय बदलू लागले. मग त्यांची दृष्टी पाखऱ्याकडे गेली, तो एकटा चरत होता. महाराज म्हणाले, "हा का चरतो? बाकीचे का चरत नाहीत?" आणि त्याजकडे चालू लागले. म्हाळसाबाई पुढे होऊन त्याच्या वेसणीस हात लावून उभ्या राहिल्या. हैबतराव दोन पावले आले आणि थांबले आणि ओरडले, "महाराज! ही खुंटीवरची चवरी! आपण सुभानरावांस मान म्हणोन दिली ती! बैलाच्या ढुंगणास बांधिली आहे!" आणि त्यांनी तलवारीस हात घातला, आणि चवरीवाल्यांची रांग मोडली. बाईंनी वेसण सोडिली नाही. महाराजांचा चेहरा लाल जाहला. ते पाखऱ्याच्या अगदी जवळ आले होते. इतक्यात त्यांचे गालावर एक थोरली माशी बसली, आणि महाराज हात उचलणार, तोच पाखऱ्याने शेपूट फिरविले आणि तो झुपका सपकन महाराजांचे गालावरून गेला.

महाराजांनी गालास हात लावून पाहिले. माशी नव्हती.

बाई म्हणाल्या, "महाराज, त्याने चवरी ढाळली." आणि शेपटीकडे बोट करोन म्हणाल्या, "तो तेच काम करितो. त्याची चवरी त्याजपाशी असली म्हणजे करितो."

महाराजांनी बैलाकडे पाहिले. मग रांगेतील चवऱ्यांकडे पाहिले, मग तोडक्या शेपट्यांकडे. मग म्हणाले, "आम्हांस चवरी कशासाठी लागते?" हैबतराव म्हणाले, "राज्याची शोभा, महाराज." महाराज म्हणाले, "तुम्हांस नाही पुसले." बाई म्हणाल्या, "माशी बसू नये म्हणोन." महाराज म्हणाले, "आणि बैलास शेपूट?" बाई म्हणाल्या, "त्याचसाठी." महाराजांनी पाय बदलला. मग हळू म्हणाले, "तर मग आम्ही त्याची चवरी काढून घेतली, ऐसे म्हणावे काय?" सभेतील माणसे जमिनीकडे पाहू लागली. हो म्हणावे तर राजाचा दोष तोंडावर सांगितला, आणि नाही म्हणावे तर उद्या खिल्लार नदीपार. बाईंनी वेसणीवरची मूठ आवळली आणि म्हणाल्या, "महाराजांनी घेतली नाही. माझ्या घराने दिली. पहिली आम्ही दिली. तेव्हा परत बांधण्याचा मान पहिल्याने मला घ्यावा लागला. दरोगगिरी त्या चवरीवर मिळाली होती, ती महाराजांचे पायाशी आहे. बैल तेवढे छावणीत धाडू नयेत."

महाराज हसले. प्रथम थोडे, मग खदखदा, आणि हसता हसता मानेवर चापट मारली, आणि हात उघडोन मेलेली माशी पाहिली. म्हणाले, "हैबतराव, ही जी चवरी ढाळण्याची चाकरी, ती या बैलाइतकी नेमकी आजवर आमच्यावर कोणी केली? तुमचे दोघे सकाळपासून आमचे कान झोडीत आहेत." मग तेथेच गवतात उभे राहून हुकूम दिला, तो ऐसा. थट्टीचा प्रत्येक बैल आजपासोन सरकारचा चवरीबरदार समजावा. त्याची चवरी त्याने स्वतः बाळगावी आणि स्वतः ढाळावी. चवरीबरदाराच्या चवरीस जो कोणी कातर लावील त्याने राजचिन्हास हात घातला ऐसे होईल. कारखान्यातील साऱ्या चवऱ्या सोडून ज्याच्या त्याच्या शेपटीस बांधाव्या, नवे केस येईपर्यंत. आणि हैबतराव या सर्वांचे नाईक, त्यांनी रोज कुरणात हजर राहून हजेरी घ्यावी. हैबतराव म्हणाले, "महाराज, आमचा मान बैलांच्या बरोबरीने?" महाराज म्हणाले, "बरोबरीने कसा? तुम्ही त्यांचे वरचे." संतू न्हावी मागून धुळोबास म्हणाला, "कोतवालाची हजेरी घ्यायला मागनं जाऊ नका म्हणावं, पुढनंच घ्या."

मग कित्येक दिवस थट्टीत गाठी मारण्याचे काम चालले. कोणाची चवरी कोणाच्या शेपटीस गेली, काळ्यास पांढरी आणि पांढऱ्यास तांबडी, परंतु बैल त्याविषयी काही बोलले नाहीत. मानकऱ्यांचे भाचे घरी गेले आणि बगळे परत आले. बाईंनी सदरेमागील उकिरडा उचलवून दूर शेतात पसरविला, आणि दरबारातील माशी बरीच उतरली. उरली तिजसाठी महाराजांनी ताडाचा पंखा घेतला. त्यात शोभा नव्हती, ऐसे जुने मानकरी म्हणत, आणि म्हणता म्हणता आपल्या कानावर चापट मारीत. दसऱ्यास भुईकंप घाटास लागली. दुसऱ्या वळणावर ओली माती सरकली, चाक रुतले, आणि सारे म्हणाले आता खाली येते. धुळोबाने पाखऱ्यास पुढल्या जोडीस आणले आणि कोतवालास त्याच्या शेजारी, आणि हाक दिली, आणि बैलांनी मान खाली घातली, मागे साऱ्या शेपट्या एकदम उठल्या, काही स्वतःच्या आणि काही बांधलेल्या, आणि तोफ वळण चढली. सायंकाळी उत्तर बुरुजावरून पहिला बार जाहला. म्हाळसाबाई तेव्हा घरी ओसरीवर होत्या. त्यांनी रिकाम्या खुंटीकडे पाहिले आणि खाली बसल्या, दोन्ही गुडघे टेकून. मनगटावर एक माशी येऊन बसली. ती त्यांनी उडविली आणि बसल्याच राहिल्या.

तात्पर्य इतके की, दुर्मुख संवत्सरी माशीशी युद्ध जाहले त्यात माशी मेली नाही, हरली नाही, आणि पुढील आषाढी पुन्हा आली. परंतु पुढील आषाढी बैलांस शेपट्या होत्या. जैसे घडले तैसे उतरविले. वाचणाऱ्याचे हात मोकळे असोत.